आजोबांच्या ट्रंकेतला दोन लेन्सचा कॅमेरा: याशिका मॅट १२४जी कसा काम करतो, आणि आज त्याचं काय करायचं?

कोकणातल्या बऱ्याच घरांत माळ्यावर एक ट्रंक असते. तिच्यात जुन्या पत्रिका, पितळी भांडी, कुणाचं तरी सर्टिफिकेट आणि कधीकधी एक काळा, चौकोनी, पुढे दोन डोळे असलेला कॅमेरा निघतो. गेल्या वर्षभरात रत्नागिरीतल्या माझ्या चार ओळखीच्यांनी मला अशाच कॅमेऱ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. प्रश्न दरवेळी तेच: "हे काय आहे? चालतं का? विकलं तर किती येतील?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्याच्या अवस्थेवर आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र नीट देता येतात. या लेखात आपण हा कॅमेरा आतून समजून घेऊ, त्याची तुलना तुमच्या खिशातल्या फोनशी करू आणि शेवटी कॅमेऱ्याहून जास्त महत्त्वाच्या वस्तूकडे, म्हणजे त्याच ट्रंकेतल्या निगेटिव्हकडे येऊ. आपल्याकडच्या दमट हवेत ती निगेटिव्ह दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होत असतात, त्यामुळे हा विषय "कधीतरी बघू" म्हणून सोडण्यासारखा नाही.

आधी ओळख पटवा

दोन लेन्स एकावर एक असलेल्या कॅमेऱ्याला टीएलआर म्हणतात, म्हणजे ट्विन लेन्स रिफ्लेक्स. हा प्रकार जगभर नावारूपाला आणला जर्मनीच्या रोलायफ्लेक्सने, १९२९ साली. भारताच्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या होत्या आणि त्यांच्या हातात अनेकदा रोलायफ्लेक्सच असायचा.

रोलायफ्लेक्स महाग. म्हणून आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये आणि लग्नाच्या फोटोग्राफरांकडे त्याच पद्धतीचा जपानी याशिका लोकप्रिय झाला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं मॉडेल म्हणजे याशिका मॅट १२४जी. ते १९७० साली आलं आणि १९८० च्या दशकातही बनत होतं. तुमच्या आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम त्या काळातला असेल, तर त्यातले फोटो अशाच एखाद्या कॅमेऱ्यातून निघाले असण्याची बरीच शक्यता आहे.

एक गोष्ट तपासा. ट्रंकेतल्या कॅमेऱ्याला एकच लेन्स असेल, बॉडी हलकी असेल आणि वर अ‍ॅग्फा क्लिक थ्री असं लिहिलेलं असेल, तर तो भारतात बनणारा साधा घरगुती कॅमेरा आहे. फिल्म तीच लागते, पण लेन्स साधी आणि सेटिंग मोजक्याच. खाली फिल्म आणि निगेटिव्हबद्दल जे सांगितलंय ते त्यालाही लागू होतं.

मीडियम फॉरमॅट म्हणजे नक्की काय?

या कॅमेऱ्यात १२० नावाची फिल्म लागते. १२० हा फक्त कोडॅकने दिलेला क्रमांक आहे, त्याचा मिलीमीटरशी संबंध नाही. ही फिल्म १९०१ पासून चालत आलेली आहे आणि आजही मिळते. म्हणजे सव्वाशे वर्षं एकाच मापाची वस्तू बाजारात आहे. आपल्या फोनचं चार्जिंग पोर्ट दहा वर्षांत किती वेळा बदललं ते आठवा.

१२० च्या फिल्मला डबी नसते. लांब फिल्मच्या मागे काळा कागद असतो आणि दोन्ही मिळून एका रिळावर गुंडाळलेले असतात. याशिकात या रोलवर १२ फोटो येतात. प्रत्येक फोटो चौकोनी, बोलायला ६ बाय ६ सेंटीमीटर, प्रत्यक्षात साधारण ५६ बाय ५६ मिलीमीटर.

आता हिशोब करू.

याशिकाची फ्रेम: ५६ × ५६ = ३१३६ चौरस मिलीमीटर.
नेहमीच्या ३५ मिमी रोलची फ्रेम: ३६ × २४ = ८६४ चौरस मिलीमीटर.
चांगल्या फोनचा मोठा मेन सेन्सर: साधारण १० × ७.५ = ७५ चौरस मिलीमीटर.

म्हणजे याशिकाच्या निगेटिव्हवर फोनच्या सेन्सरच्या ४० पटींहून जास्त जागा आहे. जागा जास्त म्हणजे एकाच दृश्यातून जास्त उजेड गोळा होतो आणि मोठी प्रिंट काढताना चित्र कमी ताणावं लागतं. जुन्या स्टुडिओतला भिंतीवरचा मोठा फोटो अजूनही स्वच्छ दिसतो, त्याचं मुख्य कारण हेच.

"पण माझा फोन ५० मेगापिक्सेलचा आहे!" असेल. पण मेगापिक्सेल म्हणजे शेताचे किती वाफे पाडले त्याची संख्या. शेत किती मोठं आहे ते सेन्सरच्या मापावरून कळतं. फोनमध्ये ते वाफे इतके बारीक असतात की बरेच फोन चार वाफे एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. याशिकाची निगेटिव्ह साध्या २४०० डीपीआयला स्कॅन केली तरी एका बाजूला सुमारे ५२९० पिक्सेल मिळतात, म्हणजे २८ मेगापिक्सेलची फाइल.

दोन लेन्स कशाला?

फोनच्या मागे तीन-चार लेन्स असतात त्या वाइड, टेली, मॅक्रो अशा वेगवेगळ्या कामांच्या. याशिकाच्या दोन लेन्स मात्र एकाच फोकल लेंथच्या आहेत, दोन्ही ८० मिमी. कामं वाटून घेतलेली आहेत. वरची लेन्स फक्त बघण्यासाठी, खालची फोटो काढण्यासाठी.

वरच्या लेन्समधून आलेला उजेड आत ४५ अंशात बसवलेल्या आरशावर पडतो आणि वरच्या बाजूला असलेल्या दुधी काचेवर चित्र उमटतं. कॅमेऱ्याचं वरचं झाकण उघडलं की ही काच दिसते. कॅमेरा गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून काचेत बघायचं. डाव्या बाजूचं चाक फिरवलं की दोन्ही लेन्स एकत्र पुढे-मागे होतात. वर चित्र स्पष्ट झालं की खाली फिल्मवरही फोकस झालेला असतो. झाकणात एक छोटं भिंगही आहे, ते वर केलं की डोळ्यांची पापणी स्पष्ट आहे का तेही तपासता येतं.

या रचनेचे तीन परिणाम होतात, ते आधीच माहीत असलेले बरे.

एक, काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. मिरकरवाड्याच्या जेटीवरून होडी डावीकडे जात असेल तर काचेत ती उजवीकडे जाताना दिसेल. कॅमेरा वळवताना पहिले काही दिवस डोकं चक्रावतं, मग सवय होते. निगेटिव्हवर चित्र सरळच येतं.

दोन, बघणारी लेन्स वर आणि काढणारी खाली, त्यामुळे दोघींना थोडं वेगळं दिसतं. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. दूरच्या दृश्यात फरक जाणवत नाही. पण हा कॅमेरा जास्तीत जास्त १ मीटरपर्यंतच जवळ जातो आणि इतक्या जवळून चेहरा घेताना डोक्यावर जागा सोडली नाही तर केस कापले जातात.

तीन, आणि हा माझा आवडता परिणाम: कॅमेरा पोटाच्या किंवा छातीच्या उंचीवर असतो. फोन आपण डोळ्यांसमोर धरतो, सेल्फीत तर डोक्याच्याही वर. पोटाच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत समोरची व्यक्ती ताठ आणि थोडी भारदस्त वाटते. शिवाय फोटोग्राफर खाली बघत असल्यामुळे समोरच्याला आपल्यावर काही रोखलंय असं वाटत नाही. जुन्या फोटोतल्या आजीचा तो ठसका थोडा कॅमेऱ्याच्या उंचीचाही आहे. फोन छातीपर्यंत खाली आणून एक पोर्ट्रेट काढून बघा, फरक लगेच दिसेल.

पोर्ट्रेट मोड, पण खराखुरा

फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर दिसतं ते सॉफ्टवेअरचं काम असतं. फोन आधी चेहरा कुठे संपतो याचा अंदाज बांधतो आणि उरलेला भाग धूसर करतो. म्हणून कधी चष्म्याची काडी गायब होते, कधी अबोलीच्या गजऱ्याची कड पुसली जाते.

याशिकात धूसरपणा काचेतूनच येतो. कारण साधं आहे. ८० मिमीची लेन्स एफ/३.५ ला पूर्ण उघडली की तिचं भोक ८० भागिले ३.५, म्हणजे जवळपास २३ मिलीमीटर होतं. फोनच्या मेन कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ साधारण ७ मिमी असते, त्यामुळे एफ/१.८ असूनही भोक जेमतेम ४ मिलीमीटरचं. भोक जितकं मोठं, तितका फोकसमधला पट्टा अरुंद आणि त्याच्या पुढचं-मागचं हळूहळू विरघळत जातं. यात अंदाज नाही, त्यामुळे गजऱ्याची कड पुसली जात नाही.

भोक लहान करायचं असेल तर एफ/३२ पर्यंत जाता येतं. थिबा राजवाड्याची पूर्ण इमारत आणि पुढचं अंगण दोन्ही स्पष्ट हवं असेल तर एफ/११ किंवा एफ/१६ ठेवा.

शटर: पंख्याची पाती वाकत नाहीत

फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. म्हणून फिरत्या पंख्याची पाती वाकडी दिसतात आणि गाडीतून काढलेले विजेचे खांब तिरके येतात. याशिकात लेन्सच्या आतच पातळ पात्यांचं शटर आहे. ते मधून उघडतं, पूर्ण फ्रेमवर एकदम उजेड पडतो आणि पुन्हा बंद होतं. वेग १ सेकंदापासून १/५०० सेकंदापर्यंत, शिवाय बोट दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणारी बी सेटिंग. आवाज अगदी हलका, "टिक" इतकाच.

स्टुडिओवाल्यांना हे शटर आवडायचं त्याचं आणखी एक कारण आहे. पात्यांच्या शटरला कोणत्याही वेगाला इलेक्ट्रॉनिक फ्लॅश जुळतो. भर दुपारी मांडवात, मागे लख्ख ऊन आणि पुढे सावलीत नवरा-नवरी अशा वेळी १/५०० ला फ्लॅश मारून दोन्ही सांभाळता येतं.

उजव्या बाजूला एक हँडल आहे. ते फिरवलं की फिल्म पुढे सरकते आणि शटरही चार्ज होतं. दोन्ही कामं एकाच हँडलला जोडल्यामुळे एका फ्रेमवर चुकून दोन फोटो येत नाहीत.

उजेड मोजणं: पांढरा समुद्र आणि काळा समुद्र

नावातला जी म्हणजे गोल्ड. आतल्या मीटरच्या विजेच्या जोडांना सोन्याचा मुलामा दिलेला आहे, गंज चढू नये म्हणून. झाकण उघडलं की मीटर चालू होतो. चाकं फिरवून दोन काटे जुळवायचे, झाला एक्स्पोजर.

अडचण बॅटरीची आहे. हा मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी बॅटरीसाठी बनवला होता आणि पाऱ्यामुळे त्या बॅटऱ्या आता बंद झाल्या आहेत. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी बसते, पण आकडे चुकतात. कानाच्या मशीनची १.४ व्होल्टची झिंक-एअर बॅटरी त्यातल्या त्यात जवळची. सगळ्यात सोपा उपाय तुमच्या हातात आहे: फोनवर एखादं लाइट मीटर अ‍ॅप टाका. कॅमेऱ्याचं शटर आणि लेन्स यांना बॅटरी लागतच नाही. बॅटरी नसली तरी बाकी सगळा कॅमेरा चालतो.

मीटर आतला असो की अ‍ॅप, एक गोष्ट लक्षात ठेवा. समोर जे आहे ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. रत्नागिरीत हे समजावून सांगायला किल्ल्याच्या दोन बाजू पुरतात. रत्नदुर्गाच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीकडचा काळा समुद्र. पांढऱ्या वाळूवर मीटर म्हणतो "फार उजेड आहे" आणि फोटो काळपट होतो. मांडवीच्या काळ्या वाळूवर तो म्हणतो "उजेड कमी आहे" आणि काळी वाळू राखाडी येते. उपाय: त्याच उन्हातल्या हिरव्या गवतावर किंवा जांभ्याच्या भिंतीवर मीटर धरा, ती साधारण मधल्या उजेडाची असतात. नाहीतर पांढऱ्या वाळूला एक स्टॉप जास्त द्या, काळीला एक स्टॉप कमी.

आणि मीटरच नसेल तर? जुने फोटोग्राफर वापरायचे तो नियम: लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका. आयएसओ १०० ची फिल्म असेल तर एफ/१६ ला १/१२५. पातळ ढग आले तर एफ/११, ढगाळ असेल तर एफ/८, आंब्याच्या बागेतल्या सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४. निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. शंका आली तर एक स्टॉप जास्त द्या.

फिल्म भरण्याआधी पाच तपासण्या

ट्रंकेतून काढलेल्या कॅमेऱ्यात थेट फिल्म घालू नका. आधी हे बघा.

१. हँडल फिरतंय का? अडत असेल तर जोर लावू नका. आतले दात मोडले की दुरुस्ती कठीण.

२. मागचं झाकण उघडा, शटर १ सेकंदावर ठेवा, दाबा आणि ऐका. साधारण एक सेकंदाने बंद झालं तर छान. अर्ध्यावर अडकलं तर आतलं तेल घट्ट झालंय.

३. बी सेटिंगवर बटण दाबून धरा, एफ/३.५ ठेवा आणि मागून खालच्या लेन्समधून फोनच्या टॉर्चकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे धुकं दिसलं तर आत वाफेचा किंवा तेलाचा थर.

४. सेल्फ टायमर वापरून बघू नका. पन्नास वर्षांच्या यंत्रात तो मध्येच अडकला तर शटरही बंद पडू शकतं.

५. बॅटरीची जागा उघडा. जुनी बॅटरी आत फुटून हिरवट-पांढरा थर जमलेला असेल तर तो साफ करून घ्यावा लागेल.

तेल, बुरशी किंवा अडकलेलं शटर असेल तर घरी स्क्रू उघडू नका. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्याची जुनी दुकानं आणि दुरुस्ती करणारी माणसं आहेत. आधी फोनवर फोटो पाठवून खर्चाचा अंदाज घ्या आणि मगच कॅमेरा पाठवा.

फिल्म भरणं आणि खर्च

नवा रोल खालच्या खोबणीत, रिकामं रीळ वरच्या. कागदाचं टोक वरच्या रिळात अडकवा, हँडल हळू फिरवा आणि कागदावरचा बाण बॉडीवरच्या खुणेशी आला की थांबा. झाकण बंद करून हँडल अडेपर्यंत फिरवा, आकडा १ येईल. मागच्या पट्टीवर १२० आणि २२० असे दोन पर्याय आहेत, तो १२० वरच हवा. २२० ची फिल्म आता सहज मिळत नाही. बारावा फोटो झाला की उरलेला कागद पूर्ण गुंडाळून घ्या आणि चिकटपट्टी लावा. हे सगळं सावलीत करा.

एके काळी उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे इंदू ब्रँडचे रोल देशभर मिळायचे. आता फिल्म परदेशातून येते. रंगीत हवी तर कोडॅक गोल्ड २००, ती २०२२ पासून १२० मध्ये पुन्हा मिळू लागली. कृष्णधवलमध्ये इलफर्डची एचपी५ प्लस नवशिक्यांना सांभाळून घेते. फिल्म, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग मिळून एका रोलमागे हजार रुपयांच्या पुढे जायची तयारी ठेवा. बाराने भागा, म्हणजे एका क्लिकची किंमत कळेल. मी रोल मुंबईला कुरिअरने पाठवतो आणि तो परत येईपर्यंत आठवडा-दोन आठवडे सहज जातात.

मग फोन सोडून हे का वापरायचं? रोजच्या कामाला वापरूच नका. रात्रीचे फोटो, व्हिडिओ, धावती मुलं, कागदपत्रं, सगळ्यात फोन पुढे आहे. पण उजेड, भोक आणि वेग यांचं नातं शिकायला याच्याइतका चांगला मास्तर नाही. फोनमध्ये प्रो मोड असतो, पण तो बहुतेक जण एकदा उघडून बंद करतात, कारण ऑटो बाजूलाच असतो. याशिकात ऑटो नाही. पहिल्या दोन रोलनंतर फोनचा प्रो मोडही समजू लागतो.

कोकणातला खरा शत्रू

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि बाकीचे महिनेही हवेत समुद्राचा ओलावा आणि मीठ असतंच. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सवर बुरशी धरते. ती काचेवरचं कोटिंग खाते आणि एकदा खड्डे पडले की साफ करूनही डाग राहतात.

चामड्याचं मूळ कव्हर दिसायला सुंदर, पण त्यात कॅमेरा ठेवू नका. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा साठवणीचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता दाखवणारा मीटर ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, म्हणजे ते कधी भरलं ते कळतं. मग ते पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे गरम करून पुन्हा वापरता येतं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून ठेवायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका. तांदूळ फारसा ओलावा ओढत नाही आणि त्याची भुकटी शटरमध्ये जाते. आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सगळ्या वेगांवर रिकामा चालवा.

कॅमेऱ्याच्या शेजारचं पाकीट

आता त्या वस्तूकडे येऊ जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. ट्रंकेत कॅमेऱ्याबरोबर चुरगळलेल्या कागदी पाकिटात चौकोनी निगेटिव्ह असतात. माझ्या ओळखीच्या एका घरात कॅमेरा नीट पुसून शोकेसमध्ये ठेवला गेला आणि पाकीट रद्दीत गेलं. कॅमेरा दुसरा मिळतो. याशिका मॅट हजारोंनी बनल्या. पण तुमच्या पणजीचा एकुलता एक फोटो ज्या निगेटिव्हवर आहे, ती एकच आहे.

निगेटिव्हवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. जिलेटिन ओल शोषून फुगतं, चिकट होतं, त्यावर बुरशी वाढते आणि एकावर एक ठेवलेल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटतात. चिकटलेल्या ओढून सोडवू नका, तशाच बाजूला ठेवून जाणकाराला दाखवा. पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा मूळ पायाच विरत चाललाय. त्या निगेटिव्ह इतरांपासून वेगळ्या करा आणि सगळ्यात आधी त्यांची कॉपी काढा.

कॉपी काढायला स्कॅनर नसला तरी फोन चालतो. मी असं करतो:

१. हात धुऊन कोरडे करायचे. निगेटिव्ह फक्त कडेला धरायची. धूळ ब्लोअरने उडवायची, तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे थेंब पडतात.

२. टॅबलेट किंवा लॅपटॉपवर पूर्ण पांढरा स्क्रीन, ब्राइटनेस पूर्ण. स्क्रीनवर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा थोडा उचलून ठेवायचा, नाहीतर स्क्रीनचे पिक्सेल फोटोत येतात.

३. त्यावर निगेटिव्ह. कडेची अक्षरं सरळ वाचता आली की बाजू बरोबर आहे.

४. भोवती काळा कागद लावून बाकीचा उजेड झाकायचा, खोलीतले दिवे बंद.

५. फोन दोन डब्यांवर आडवा, निगेटिव्हला समांतर. २एक्स लेन्स, टायमर ३ सेकंद. फोनमध्ये रॉ असेल तर रॉ.

६. स्नॅपसीडसारख्या अ‍ॅपमध्ये कर्व्ह्जची दोन्ही टोकं उलटी करायची, म्हणजे काळ्याचं पांढरं होतं. कृष्णधवल निगेटिव्हला एवढं पुरतं. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी रंग काढायला जास्त खटपट लागते, पण कॉपी तरी हातात राहते.

मोठ्या प्रिंटसाठी लॅबमधलं स्कॅनिंगच चांगलं. पण २०० निगेटिव्हमधून कोणत्या १० लॅबला पाठवायच्या हे ठरवायला फोनची कॉपी भरपूर झाली. फाइलच्या नावात साल, ठिकाण आणि माणसांची नावं लिहा. ही नावं आज घरातल्या एखाद्या आजीला, आत्याला किंवा मामाला माहीत आहेत. फोनवर उलटी केलेली निगेटिव्ह त्यांना दाखवा आणि त्या सांगतील ते लगेच टाइप करा, नाहीतर व्हॉइस नोट करून ठेवा. चेहरा स्कॅन करता येतो, नाव स्कॅन होत नाही.

मूळ निगेटिव्ह मग कागदी किंवा ग्लासिनच्या पाकिटात, एका पाकिटात एकच, आणि पाकिटं त्याच सिलिका जेलच्या डब्यात. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत पाणी सुटतं.

मिरगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत एवढं करा: एका रविवारी माळ्यावरची ट्रंक खाली काढा, टॉर्चने लेन्स बघा, पाकिटाचा वास घ्या आणि पहिल्या १० निगेटिव्हची फोनवर कॉपी काढा. कॅमेरा ठेवायचा, वापरायचा की विकायचा ते नंतर निवांत ठरवता येईल.